डाव्या टाचेवर

दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ: मास्तरांच्या घरचे कपडे.

जामसंड्याहून पहिली एसटी सातला. तळेऱ्याला उतरून घाटावरची गाडी.

जुनी लुगडी दोन. उकडे तांदूळ चार शेर, कुळथाची पिठी, सोलं.

इस्पितळात भरती ९ फेब्रुवारी १९५८, सकाळी. त्याआधी पंधरा दिवस पायाला तेल नाही, माती नाही.

बिब्बा सुईने टोचावा. काडीच्या टोकावर रस घ्यावा, कपड्याच्या कोपऱ्याला टेकवावा, वर चुना. कपडा फाटेल, खूण जाणार नाही.

सुभद्राने आंघोळीला घ्यायचं म्हणून जानूच्या डाव्या पायाचा मोजा उतरवला आणि ती तशीच खाली बसली.

टाचेच्या मागे, शिरेवर, काळा ठिपका होता. भोवतीची कातडी लाल होऊन सुजली होती, मधोमध चिंचोक्याएवढा फोड पाणी धरून होता. जिथे जिथे खाजवलं होतं तिथे पोटरीपर्यंत पुरळ उठलं होतं. परटाच्या घरात बिब्बा उतलेला ओळखायला वैद्य लागत नाही.

"माका खाजता, आये," जानू म्हणाली. ती सहा वर्षांची होती. "बाबान सांगल्यान, आवशीक सांगा नको."

गणपत ओसरीवर गाठोड्याला दोरी आवळत होता. त्याचे हात थांबले.

"कदी केलास ह्यां?" सुभद्राने विचारलं.

"काल. तू न्हाणीसून येवन तेका मोजो घातलंस, मगे." तो आत आला. "बारीकसो लायलंय गो. टिकलेपेक्षा बारीक."

"कित्याक?"

गणपतने मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कापताना चेडू निजान आसतला. तेका इचारूक जमाचा नाय, आमका भायर बसवतले. मगे खंयचो पाय तां डाक्तराक कोण सांगतला?"

"डाक्तराक डोळे नाय?"

"निजला काय दोनय पाय सारकेच दिसतत. मी बघलंय." त्याने बाहेर वाळणाऱ्या कपड्यांकडे बोट केलं. "एका दिसाक कितकी पोरां येतत तेच्याकडे. आपल्याकडे तीस घरांचे कपडे येतत. खुणेशिवाय माका तरी वळखूक येतत काय?"

"चेडू काय मास्तरांचो सदरो?"

 खाली वाकून त्याने अंगठा फोडाजवळ नेला, टेकवला नाही. बत्तीस वर्षं बिब्बा धरून त्याच्या बोटांची टोकं काळी आणि लाकडासारखी झाली होती.

"माझ्या बोटांका कदी काय जाला नाय," तो म्हणाला.

"तुमची बोटां मेली हत."

इस्पितळाचं पत्र मास्तरांनी दोनदा वाचून दाखवलं होतं. पायाला जखम, खरूज किंवा फोड असल्यास मुलीला आणू नये. तारीख दुसऱ्याला दिली जाईल आणि नाव यादीच्या शेवटी जाईल. नाव वर यायला चौदा महिने लागले होते. मूल वाढेल तशी टाचेची शीर आखडत जाईल, उशीर करू नका, असं डॉक्टरने तपासतानाच सांगितलं होतं. सांगताना त्याने टाचेच्या वर बोट टेकवून कापायची जागा दाखवली होती. गणपतची खूण त्याच जागेवर होती, केसभरही इकडेतिकडे नव्हती.

पंधरा दिवस सुभद्राने मुलीला खाली पाय टेकू दिला नव्हता. विहिरीवर, परसात, कपडे वाळत घालताना, सगळीकडे कडेवर. उजव्या कुशीत तिला आता दुखतही नव्हतं, नुसता बधिरपणा होता.

"जावन तरी बघूया," गणपत म्हणाला. "हाता-पाया पडू. दोन दिवस थंय ऱ्हवू, फोड बसात."

"बिब्बो दोन दिसात बसता? तुमी माका सांगतास?"



सुभद्रा उठली. गाठोड्याची दोरी तिने सोडली, वरची लुगडी बाजूला केली. प्रवासात डोक्याला लावायला म्हणून घेतलेली खोबरेल तेलाची बाटली तिने बाहेर काढली, आणि जानूचा पाय मांडीवर घेऊन टाचेपासून पोटरीपर्यंत तेल ओतलं. पुष्कळ ओतलं. जानूने डोळे मिटून घेतले. तिला गार वाटत होतं.

रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. गाडी थांबली असावी, कारण आवाज थोडा वेळ एकाच जागी राहिला. मग तो लांब गेला.

"मास्तरांका इस्पितळाक काय लिवूक सांगू?" गणपतने विचारलं.

"काय केलास तांच सांगा."

"हसतले."

"हसांदेत. नाव खाली गेला तर परत वर येवक किती म्हयने, तां इचारून घ्या." तिने बाटलीला बूच लावलं. "आणि आता एक ठिपको माझ्या कपाळार काढा. मी खंयच्या घरातला, तां तरी लोकांका समजात."

गणपत दारापर्यंत गेला, परत आला, आणि जातोच आहे तर म्हणून मास्तरांचे इस्त्री केलेले कपडे काखेत मारून निघाला. कुंपणाच्या बेड्याजवळ त्याने ते काढून कोपऱ्यावरची खूण बघितली. थोडं पुढे गेल्यावर परत बघितली.

"आये, आज जावचा नाय?" जानूने विचारलं.

"नाय."

"मगे मी खाली उतरू?"

सुभद्राने तिचा पाय मांडीवरून सोडला. "उतर," ती म्हणाली.

जानू दारापुढच्या खळ्यात उतरली. उजवा पाय सबंध, डावा नुसत्या चवड्यावर, अशी ती वाळत घातलेल्या धोतरांखालून पार कुंपणापर्यंत गेली आणि तिथून परत आली. तेलकट पायाला माती चिकटली होती. मग ती पुन्हा गेली.

गणपतच्या हातून एका घरचे कपडे दुसऱ्या घरी गेले ते उभ्या आयुष्यात एकदाच. चार वर्षांपूर्वी, जानूचा ताप उतरला आणि ती उभी राहीना, त्या सकाळी.