एक दहाचा चहा

जमिनीचे हादरे मोजायचं मीटर खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवलं होतं. जेवणाच्या डब्याएवढी पिवळी पेटी, वर काचेची पट्टी, पट्टीत शून्य. खाण खात्याचे साहेब शेजारच्या खुर्चीत बसून सकाळपासून त्या शून्याकडे इमानदारीने बघत होते.

"जमीन हललीच नाही, तर मला शून्यच लिहावं लागेल," ते म्हणाले. "मनाचं काही लिहिता येत नाही."

समोर बसलेल्या खडी खाणीच्या मॅनेजरने समजूतदारपणे मान हलवली. ते शून्य कागदावर उतरलं की खाण घरांच्या दिशेने आणखी दोनशे फूट सरकणार होती. म्हणजे थेट या घराच्या मागच्या भिंतीपर्यंत.

घर जिचं होतं ती वहिनी खिडकीपाशी मशिनवर शर्टाची कॉलर शिवत होती. तिने मान वर करून घड्याळ पाहिलं, दोरा तोडला आणि स्वयंपाकघरात गेली. मागोमाग तिचा धाकटा दीर आला.

"वहिनी, आज खाणवाले रोजचा सुरुंग उडवणारच नाहीत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "साहेब येणार म्हणून मुद्दाम बंद ठेवलंय. त्या मीटरला काय कप्पाळ कळणार?"

"मीटरला नाही कळणार."

"मग काही बोला ना बाहेर जाऊन. भिंतीच्या भेगा दाखवा."

"भेगा बघून झाल्या त्यांच्या. बांधकाम कच्चं, म्हणाले. किती वाजले, भावजी?"

"एकला पाच कमी."

"मग आता ठेवा आधण. साखर मात्र मी घालते. तुमच्या हातचा चहा प्यायले, तर साहेब रिपोर्ट न लिहिताच पळतील."

साहेब आले तेव्हाच दीर चहा टाकायला निघाला होता. तेव्हा तिनेच त्याला अडवलं होतं.

एक वाजून सहा मिनिटांनी चहा बाहेर आला. कप, खाली बशी. साहेबांना, मॅनेजरला, दिराला, आणि कॉटवर बसलेल्या सासूबाईंना. सासूबाईंना कानाने काही ऐकू येत नसे. घड्याळ मात्र लख्ख दिसायचं. वहिनी पुन्हा मशिनवर बसली.

चहा फक्कड झाला होता. दोन घोटांत मॅनेजर सैलावला.

"माझं ऑफिस तर खाणीच्या अगदी काठावर आहे, साहेब. सात वर्षं बसतोय तिथे. टेबलावरची टाचणी कधी हलली नाही."

साहेब फुंकर घालत ऐकत होते.

मोठा काटा दहा मिनिटांवर आला. मशिन थांबलं. वहिनीने सुई वर घेतली आणि कॉलरवर फडकं टाकलं. सासूबाईंनी कप उचलला, खालची बशी काढून वर ठेवली. दिरानेही तेच केलं.

"खरं सांगायचं तर लोक उगाच राईचा पर्वत..." मॅनेजर बोलत होता. बोलता बोलता त्याने कप उचलला, बशी काढली, कपावर पालथी घातली आणि दोन बोटांनी दाबून धरली.



सुरुंग उडाला नाही. तो उडणार नव्हता, हे त्या खोलीत मॅनेजरइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. मीटरवर शून्य तसंच होतं. छतातून काही पडलं नाही. अख्ख्या खोलीत एकाच कपातून वाफ निघत होती, साहेबांच्या.

साहेबांनी आपल्या कपाकडे पाहिलं. मग एकेक करून बाकीच्यांच्या. शेवटी मॅनेजरच्या दोन बोटांकडे. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"तुम्ही का झाकलात?"

मॅनेजरने बशी उचलायला हात हलवला.

"लगेच नका काढू हो," वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाली. "धूळ खाली बसायला दोन मिनिटं लागतात. रोज तेवढं थांबतोच ना आपण?"