एनिडचे निवडुंग

"तिसरी कमान वाकडी झालीय," एनिड खुर्चीतून म्हणाली.

"कमान सरळ आहे बाईसाहेब, तुमची खुर्ची वाकडी आहे," विल्फ्रेड म्हणाला. पण पाइपावर हातोडीचे दोनच घाव घालून तो धापा टाकत खाली बसला.

ऑक्टोबर सरत आला होता. डॉक्टरांनी विल्फ्रेडला नाताळपर्यंतची मुदत दिली होती. बरं होण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला घोर होता तो बायकोच्या, एनिडच्या, दोनशे निवडुंगांचा. जुन्या काचघरातल्या शेगडीत हिवाळाभर रोज रॉकेल भरावं लागे. तो दाराशीच तेल ओतून मागे फिरे; काट्यांशी त्याचं कधी जमलं नाही. पण दुखऱ्या कमरेच्या एनिडला तो डबा उचलणं शक्य नव्हतं.

"मी गेल्यावर तेल कोण भरणार?"

"बेरिल येईल की."

"बेरिल? तिला स्वतःची चहाची किटली भरता येत नाही!"

म्हणून हे पॉलीटनेल, पाइपांच्या कमानींवर प्लास्टिक ताणलेलं रोपघर. घराच्या भिंतीला लागून, आतून बबल रॅपचे दोन थर, दाराच्या फटींना लोकर, आणि पारा पाचाखाली गेला की आपोआप सुरू होणारा विजेचा हीटर. एनिडने काही म्हणजे काही उचलायचं नाही.

कुंड्या मात्र तिने स्वतःच्या हातांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. निवडुंगवाले थंडीत असं करतातच.

"उघडून बघायचं नाही हं. झोपलेत ते. मार्चपर्यंत ना पाणी, ना हात."

"चाळीस वर्षं हेच ऐकतोय."

एका खेपेला दोन कुंड्या, मग विश्रांती. सगळ्या हलवायला त्याला आठवडा लागला. शेवटच्या संध्याकाळी गारठा पडला आणि हीटर आपसूक गुणगुणू लागला.

"सुटलो बुवा," विल्फ्रेड म्हणाला. "आता मी नसलो तरी चालेल."

एनिडला रडू आवरेना. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नाताळ उलटला. विल्फ्रेड रोज काठी टेकत जाऊन पारा बघून येई आणि तिला आकडा सांगे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला उठवेना. तो गेला त्या सकाळीही त्याने पारा विचारला. "सहा," एनिड म्हणाली.

मार्चमध्ये पहिल्या पाण्यासाठी निवडुंग मंडळातली बेरिल झारी घेऊन आली. तिने बबल रॅपवरून हात फिरवला.

"काम चोख केलंय हो विल्फनं. कुठून वारा म्हणून शिरायचा नाही."

तिने पहिल्या कुंडीचा कागद सोडला. आत कागदाचा बोळा आणि कोरडी खडी. दुसरीतही तेच. तिसरीतही.

"एनिड, अगं, झाडं कुठायत?"

एनिड हीटर बंद करायला वाकली.

"गेल्या वर्षी जानेवारीत त्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा अकरा दिवस मी त्याच्या उशाशी होते. काचघरात तेल भरायला कोणी नव्हतं."