दीडशेचा वाचक

नव्या कादंबरीला तिच्या छोट्या प्रकाशनाच्या ॲपवर गिऱ्हाईक मिळालं, तशी ती पुन्हा चिडली. तिच्याच वेबसाइटवर तेच ई-पुस्तक शंभराला होतं. ॲपवर दीडशेला, कारण ॲप ज्या कंपनीच्या ॲप-स्टोअरवर होतं ती प्रत्येक विक्रीतले तीस टक्के कापून घ्यायची. 'तिकडे स्वस्त आहे' एवढं वाचकाला सांगायलाही बंदी. वेबसाइटवर घेणाऱ्याचं नाव तरी कळायचं. ॲपवर तेही नाही. गिऱ्हाईक कंपनीचं, हमाली हिची.

आणि गिऱ्हाईक तरी किती? एकच. पुस्तक आलं की त्याच दिवशी घेणारं.

"कोण आहे हा शहाणा?" तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, एका माणसासाठी ॲप ठेवणं परवडत नाही, बंद करून टाक.

पण तिचा हात धजत नव्हता. घरातल्या मागच्या खोलीत बसून ती पुस्तकं काढत होती आणि विक्री घटतच चालली होती. सगळं गुंडाळावंसं वाटलं की तिला तो अनोळखी वाचक आठवायचा. कुणीतरी जास्त पैसे मोजून वाट बघतंय, एवढ्या आधारावर ती पुढचं पुस्तक हाती घ्यायची.

सासऱ्यांचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं. हे उद्योग बंद कर आणि नोकरी धर, हल्ली वाचतंय कोण? डोळे अधू झाल्यापासून त्यांनी स्वतः पुस्तक हाती धरलं नव्हतं. दिवसभर खिडकीपाशी फोन नाकाशी धरून बसायचे. ती चहा घेऊन गेली की फोन मांडीवर पालथा. बातम्यांचं वेड, दुसरं काय. तिला आता त्यांचा रागही येत नसे. रागवायलाही अंगात बळ लागतं.

शेवटी तिने ॲप बंद केलं. त्या वाचकाचा निरोप घ्यायचीही सोय नव्हती, याचंच तिला वाईट वाटलं.

पुढचं पुस्तक फक्त वेबसाइटवर आलं. संध्याकाळ झाली तरी एकही मागणी नाही. तिने चहाचा कप सासऱ्यांपुढे ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसली.

"तुमच्या मनासारखं झालं, बाबा. नोकरी बघते आता. ॲप बंद केलं. वेबसाइटवर शंभरालाच देतेय, तरी कुणी फिरकलं नाही."

सासऱ्यांनी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली.

"कसं घेणार?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तिथं नाव द्यावं लागतं."