वॉशिंग मशीनचा ठेका

सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. मुलाच्या लग्नात पाहुण्यांनी नाचायला हात धरून ओढलं, तरी “असले चाळे मला शोभत नाहीत” म्हणून खुर्चीला चिकटून बसलेले. त्यामुळे त्या सकाळी सुनेने मागच्या गॅलरीत डोकावलं, तेव्हा तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. वॉशिंग मशीन ‘धाड धुम, धाड धाड धुम’ करत कपडे पिळत होतं आणि त्याच्यासमोर सासऱ्यांचे खांदे उडत होते, कंबर लचकत होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तोंडावर हात दाबून ती आल्या पावली परत फिरली.

पण तिनेच बोलावलेला मेकॅनिक नेमका त्याच दुपारी हजर झाला. “ताई, एक पाय आखूड आहे, म्हणून आदळतंय,” म्हणत त्याने पायाखाली रबराचा तुकडा सरकवला. मशीन गुमान चालायला लागलं.

“चांगलं चाललं होतं की!” सासरे पुटपुटले आणि तोंड पाडून पेपरात डोकं खुपसून बसले. चहासुद्धा तसाच गार झाला.

सुनेला चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी ते फिरायला बाहेर पडताच ती रबर काढायला गॅलरीत गेली.

 

तिथे सासूबाई फरशीवर आडव्या पडून मशीनखाली हात घालत होत्या. “आलीस? जरा तिरकं धर गं हे. मेल्या रबराने माझा रोजचा चोरून बघायचा कार्यक्रम बंद पाडला!”