मेलेला कणीसवाला

चार वाजता गिऱ्हाईक आमचा कॉम्प्युटर गेम बघायला येणार होतं. आमच्या मालकीण क्लेउसाबाईंनी मला सकाळीच दम भरला होता, "वाल्मीर, आज एक जरी खोडी केलीस, तर उद्यापासून घरी बस!"

गेममध्ये रिओच्या किनाऱ्यावर कणसं विकणारा माणूस म्हणजे माझा कोरूटीन, थांबत थांबत चालणारा प्रोग्रामचा तुकडा. तो एक वाक्य बोलून थांबतो आणि हाक मारली की तिथूनच पुढे बोलतो. मी चारच वाक्यं लिहिली होती. चौथं संपलं की तो मेला. मग हाक मारली, तर लुआ, म्हणजे ज्यात हा प्रोग्राम लिहिलाय ती भाषा, नुसती चूक दाखवते.

माझ्या शेजारी बसणाऱ्या जुन्या सहकाऱ्यानं, दोरिवालनं, तपासायला चार हाका मारल्या. "चाललो बुवा!" म्हणून कणीसवाला मेला. दोरिवालनं उगाच पाचवी मारली.

"काय रे, सुखानं मरू पण देत नाहीस?" पडद्यावरून मेलेला कणीसवाला बोलला.

"वाल्मीर!" बाई कडाडल्या.

"आईशप्पथ बाई, हे मी नाही लिहिलं!"

"तुझी आईशप्पथ वीस वर्षं ऐकतोय," दोरिवाल खिदळला.

मी फाईल उघडून दाखवली. चारच वाक्यं. बाईंनी दोनदा वाचली.

"खरं बोलतोय बिचारा," कणीसवाला म्हणाला. या वेळी हाक कुणीच मारली नव्हती. "आता तू थांब, वाल्मीर."

मी वाफाळत्या कॉफीचा कप उचलला. ओठाला लागली तेव्हा कॉफी थंडगार होती. बाई गिऱ्हाइकाला दारापर्यंत पोचवून परत येत होत्या.

"वाचली तुझी नोकरी! गिऱ्हाईक पोट धरून हसलं. पण मेल्या, तासभर पापणी न लववता पुतळ्यासारखा कसा बस—"

आणि एक पाऊल उचललेलं, तोंड उघडं, अशा बाई तिथेच थांबल्या.