परदेशातली सीट

"नीटला मार्क कमी पडले म्हणून रडायचं नाही, ताई. परदेशात सहा वर्षं काढा, डॉक्टर होऊनच परत या," परदेशी मेडिकल प्रवेशाच्या एजन्सीतला काउन्सेलर माझ्या केतकीला म्हणाला. त्याच्याही बिल्ल्यावर 'डॉक्टर' होतं. फॉर्मवर माझी सही तेवढी उरली होती.

"तुम्ही तिथेच शिकलात?" मी विचारलं.

"हो काकू, पहिल्या बॅचचा मी."

"मग दवाखाना कुठाय तुमचा?"

त्यानं मालकाच्या केबिनकडे पाहिलं. "इथली लायसन्सची परीक्षा पास होत नाही. पाचदा दिली."

"आणि तरी माझ्या पोरीला त्याच खड्ड्यात ढकलताय?" मी फॉर्म टराटरा फाडला. "तुमच्या आईला ठाऊक आहे, इथं बसून काय करता ते?"

"नाही," तो म्हणाला. "ती गावात सांगते, लेकाला पेशंटमधून जेवायलाही फुरसत नसते."