भिंतीची नेमणूक

वर्गांचं सामाजिक हवामान, म्हणजे मुलं एकमेकांशी कशी वागतात ते, मोजायच्या कामावर संशोधन करणाऱ्या सरांनी तिलाच घेतलं, कारण ती कुणाच्या नजरेत भरत नसे. तिने आख्खं कॉलेज शेवटच्या बाकावर काढलं होतं. निरोप समारंभात तर एका वर्गमित्राने तिला अदबीने विचारलं होतं, "आपण कोणाच्या पालक?"

"भिंतीसारखी बसून बघत राहा," सरांनी बजावलं. "कोणी तुझ्याशी बोललं की निरीक्षण बाद. आणि निरीक्षण बाद, तर तुझी नोकरीही बाद."

पहिल्याच वर्गात ती अंग चोरून कोपऱ्यात बसली. तास सुरू होतो न होतो तोच पुढची मुलगी वळली. "अगं, तिथे काय मरायला बसलीस? पंख्याचं वारंही लागत नाही. ये इकडे." शेजारणीने आपलं पुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं. पलीकडून एकाने वाकून विचारलं, "नवीन ना तू? नाव काय?"

संध्याकाळी सर उखडले. "साधं भिंत होणं जमलं नाही तुला! मग दिवसभर मोजलंस तरी काय?"

नोकरी गेल्यातच जमा होती. तरी तिचं हसू काही आवरेना.

"हवामान उत्तम आहे, सर," ती डोळे पुसत म्हणाली. "तिथे भिंतीलासुद्धा नाव विचारतात."